पर्यायी इतिहास आणि संभवनीयतेचा प्रश्न : दूरचित्रवाणी मालिकांतील समलिंगी पात्रे

१

इतिहासात जे घडले त्याऐवजी दुसरेच काही घडले असते तर काय झाले असते, या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या कथनाला ‘पर्यायी इतिहास’ म्हटले जाते. कथा-कादंबरीत हा प्रकार जुनाच आहे. दूरचित्रवाणीवर मात्र तो गेल्या दशकभरात विशेष स्थिरावला. ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (२०१५–२०१९), ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ (२०१९ पासून) आणि ‘हॉलिवूड’ (२०२०) या तीन अमेरिकी मालिका या संदर्भात विचारात घेण्याजोग्या आहेत. तिन्ही मालिकांत समलिंगी पात्रे आहेत, ती दुय्यम वा शोभेपुरती नाहीत, आणि तिन्हींच्या बाबतीत एक आक्षेप सहज सुचतो : त्या काळात अशी माणसे अशी वावरत नव्हती; आजच्या लेखकांनी आजची मते मागच्या काळावर लादली आहेत. समीक्षेच्या परिभाषेत हा कालविपर्यासाचा आक्षेप होय.

हा आक्षेप पूर्वग्रहातून येतो, असे म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तसे करणे समीक्षेच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. पर्यायी इतिहास हा वाङ्मयप्रकारच मुळी संभवनीयतेच्या करारावर उभा असतो. एक गोष्ट बदलली असे मान्य करा, बाकीचे सारे कार्यकारणभावाने येईल, असे तो वाचक-प्रेक्षकाला सांगत असतो. तेव्हा त्या कराराची तपासणी करण्याचा अधिकार प्रेक्षकाला असतोच. प्रश्न एवढाच उरतो, की तपासणी नेमकी कशाची करावयाची?

प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे, की या आक्षेपात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पहिला प्रश्न अस्तित्वाचा : त्या काळी अशी माणसे होती काय? दुसरा स्थानाचा : ती त्या पदावर, त्या संस्थेत असू शकली असती काय? तिसरा दृश्यतेचा : ती कोणाला, कितपत आणि काय किंमत देऊन ठाऊक असू शकली असती? यांपैकी पहिल्या प्रश्नाला पर्यायी इतिहासाच्या उपपत्तीची गरजच नाही. उरलेल्या दोहोंना मात्र ती आहे. कोणत्याही मालिकेतील समलिंगी पात्र ऐतिहासिकदृष्ट्या पटते की नाही, हे या दोन प्रश्नांची उत्तरे ती मालिका कशी देते यावर ठरते.

२

संभवनीयतेची चर्चा पाश्चात्त्य काव्यशास्त्रात ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. इतिहासकार घडलेले सांगतो आणि कवी घडू शकेल असे सांगतो, हा त्याचा भेद सर्वपरिचित आहे. शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट त्याने नाटकासाठी श्रेयस्कर मानली. आपल्याकडे क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त देश, काल, स्वभाव, अवस्था इत्यादींच्या अनुषंगाने जो विचार मांडला, त्याचाही रोख प्रत्येक घटक त्याच्या स्थानी शोभतो की नाही, याकडेच आहे. या दोन्ही परंपरांत एक गृहीतक मात्र समान आहे. काय पटते आणि काय शोभते, हे ठरविणारा सहृदय हा समाजाच्या प्रस्थापित समजुतींत वाढलेला असतो. ज्या समाजाने एखाद्या समूहाला अदृश्य ठेवले आहे, त्या समाजातील सहृदयाला त्या समूहाचे दर्शन न पटणारे वाटणे स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी ‘पटत नाही’ ही प्रतिक्रिया इतिहासाविषयी जितके सांगते, तितकेच ती इतिहास लपविण्याच्या यंत्रणेविषयीही सांगते.

दुसरा मुद्दा संज्ञेचा आहे. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १८६९ मध्ये कार्ल मारिया कर्टबेनी याने प्रशियाच्या दंडविधानाविरुद्ध लिहिलेल्या पत्रकात छापील स्वरूपात प्रथम आला. फूकोने १९७६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यक आणि कायदा यांनी मिळून काही कृतींचे रूपांतर माणसाच्या एका प्रकारात केले. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. जॉन बॉसवेलसारख्या इतिहासकाराने प्राचीन आणि मध्ययुगीन युरोपातही अशा ओळखीचे सातत्य शोधले. डेव्हिड हॅल्परिनने त्याला विरोध केला. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. पर्यायी इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक व्यावहारिक कसोटी मात्र निघते. इतिहासाला जेथे वेगळा फाटा फुटतो, तो विचलनबिंदू जितका मागे, तितके ओळखीचे नाव संशयास्पद; मात्र अनुराग, सहवास आणि कृती यांचे अस्तित्व तेवढ्याने संशयास्पद होत नाही.

मराठी वाचकाला ही कसोटी जवळच्या उदाहरणाने तपासता येईल. जयंत नारळीकरांनी पानिपतावर लिहिलेल्या कथेत १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते, आणि तेवढ्यावरून हिंदुस्थानचा इतिहास बदलतो. समलिंगी संबंध हा त्या कथेचा विषय नव्हेच. परंतु तिचेच तर्कशास्त्र पुढे चालविले, तर विचारता येते : कंपनीची सत्ता देशभर पसरली नसती, तर मेकॉलेच्या आयोगाच्या मसुद्यातून पुढे आलेला आणि १८६० मध्ये संमत झालेला भारतीय दंडविधानाचा कायदा येथे आला असता काय? आणि तो आला नसता तर त्यातील ३७७ वे कलम, जे प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निष्प्रभ ठरविले, तेही आले नसते. येथवरचा तर्क निर्दोष आहे. पण म्हणून त्या काल्पनिक मराठी राज्यात समलिंगी माणसे मोकळी असती, असा निष्कर्ष काढणे हा दुसऱ्या टोकाचा कालविपर्यास ठरेल. एक कलम नसणे आणि स्वातंत्र्य असणे या दोन गोष्टींच्या मध्ये जात, कुटुंब, वारसा आणि विवाहसंस्था उभ्या असतात. विचलनबिंदू यांपैकी कशाला स्पर्श करतो आणि कशाला करीत नाही, हे पाहिल्यावाचून संभवनीयतेचा निर्णय होत नाही.

३

आता प्रत्यक्ष इतिहासाकडे वळू. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिका अमेरिकी अंतराळ कार्यक्रमाविषयी आहे, म्हणून त्याच क्षेत्रातील नोंदी पाहाव्यात.

१९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशात संघराज्याच्या नोकरीस अपात्र ठरविणाऱ्या गोष्टींत लैंगिक विकृतीचा समावेश होता. समलिंगी कर्मचाऱ्याला धमकावून शत्रू गुपिते काढून घेईल, हा त्यामागचा युक्तिवाद. फ्रँक कॅमेनी हा हार्वर्डचा डॉक्टरेट मिळविलेला खगोलशास्त्रज्ञ १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागात रुजू झाला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने स्पुट्निक सोडला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमेनीला समलिंगी असल्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आले. ज्या क्षणी देशाला खगोलशास्त्रज्ञांची निकड भासू लागली, त्याच क्षणी देशाने आपला एक खगोलशास्त्रज्ञ घालविला. कॅमेनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ मध्ये न्यायालयाने त्याचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. सरकारने त्याची औपचारिक क्षमा मागितली ती २००९ मध्ये.

दुसरे उदाहरण नासाचेच आहे. क्लिफर्ड नॉर्टन हा नासातील अर्थसंकल्प विश्लेषक. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या पोलिसांनी त्याला एका पुरुषाशी केलेल्या बोलण्यावरून ताब्यात घेतले, नासाच्या सुरक्षाप्रमुखाला बोलावून घेतले, आणि पुढे नासाच्या कार्यालयातही त्याची चौकशी झाली. त्याची नोकरी गेली. त्याने दाद मागितली, आणि १ जुलै १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की कर्मचाऱ्याचे खासगी वर्तन आणि त्याच्या कामाची कार्यक्षमता यांत संबंध दाखविल्याखेरीज त्याला काढता येणार नाही. तारखांकडे लक्ष द्यावे. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन या मद्यगृहावरील छाप्याला झालेला प्रतिकार २८ जून १९६९ चा; अपोलो ११ चे अवतरण २० जुलै १९६९ चे; आणि नासाविरुद्धचा हा निकाल या दोहोंच्या मधला. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या संस्थेत समलिंगी माणसे होती, हे सांगण्यास कोणत्याही पर्यायी इतिहासाची आवश्यकता नाही. न्यायालयाच्या दप्तरात ते नोंदले गेले आहे.

तिसरे उदाहरण अधिक सूचक आहे. सॅली राइड १९७८ च्या तुकडीत नासात आली आणि जून १९८३ मध्ये अवकाशात जाणारी पहिली अमेरिकी स्त्री ठरली. १९८२ मध्ये तिने एका सहकारी अंतराळवीराशी विवाह केला. तो १९८७ पर्यंत टिकला. २०१२ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या निधनवार्तेतून लोकांना प्रथमच कळले, की टॅम ओशॉनेसी ही स्त्री सत्तावीस वर्षे तिची जोडीदार होती. आता अशी कल्पना करावी, की १९९० मध्ये एखाद्या नाटककाराने स्त्रीशी सहजीवन जगणारी, विवाहाचा अनुभव घेतलेली, कीर्तिमान अमेरिकी अंतराळवीर स्त्री रंगविली असती. समकालीन समीक्षकांनी तिला असंभाव्य ठरविले असते, आणि त्या वेळी तशी स्त्री हयात होती. संभवनीयतेचा निवाडा पुराव्यावर चालतो. पण येथे पुरावाच लपविण्याची सक्ती होती.

या तिन्ही उदाहरणांतून दप्तरखान्याविषयी एक गोष्ट ध्यानी येते. कॅमेनी आणि नॉर्टन आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते पकडले गेले आणि लढले. राइड तिच्या हयातीत ठाऊक झाली नाही, कारण ती पकडली गेली नाही. समलिंगी माणसांचा विसाव्या शतकातील लेखी इतिहास मोठ्या प्रमाणावर पोलीस, न्यायालये आणि सुरक्षा-चौकशा यांनी लिहिला आहे. ज्यांनी आपले आयुष्य कोणाच्या नजरेस न येता निभावले, त्यांची नोंद या दप्तरात नाही. म्हणून ‘नोंद नाही, सबब माणूस नव्हता’ हा युक्तिवाद इतर विषयांत कमकुवत असला, तर या विषयात तो दोषपूर्णच म्हटला पाहिजे.

४

‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये विचलनबिंदू स्पष्ट आहे. मालिकेच्या निर्मात्यांपैकी रोनाल्ड मूर यांनी सांगितल्याप्रमाणे सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचा प्रमुख सर्गेई कोरोल्योव्ह, जो वास्तवात जानेवारी १९६६ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी दगावला, तो येथे जगतो. परिणामी १९६९ च्या जूनमध्ये चंद्रावर पहिले पाऊल सोव्हिएत अंतराळवीराचे पडते. पाठोपाठ सोव्हिएत स्त्रीही चंद्रावर उतरते, आणि प्रतिष्ठेपायी अमेरिकेला स्त्री अंतराळवीर तयार करणे भाग पडते. त्या तुकडीत एलेन वेव्हर्ली येते. पॅम या स्त्रीवर तिचे प्रेम आहे.

येथे आपण वर केलेला भेद उपयोगी पडतो. एलेन समलिंगी आहे, याला कोरोल्योव्हच्या जगण्याची गरज नाही. ती १९७० च्या दशकाच्या आरंभी अंतराळवीर आहे, याला मात्र आहे. वास्तवातील इतिहासात १९६१ च्या सुमारास तेरा अमेरिकी स्त्रियांनी खासगी पुढाकाराने घेतलेल्या वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण केल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांचा प्रश्न काँग्रेसच्या उपसमितीपुढेही आला. नासाने त्यांना घेतले नाही. मालिका कारणाची जुळणी स्थानासाठी करते आणि अस्तित्व गृहीत धरते. हीच रीत योग्य आहे. त्या जुळणीवर आक्षेप घेता येईल तो असा, की १९६३ मध्ये वालेंतिना तेरेश्कोव्हा अवकाशात गेली, तरी अमेरिकेने प्रत्युत्तरादाखल स्त्रीला पाठविण्यास वीस वर्षे लावली. मग चंद्रावरील एका स्त्रीने अमेरिका इतकी का हलावी? चंद्राची शर्यत हरल्याचा धक्का, हे मालिकेचे उत्तर. ते वादग्रस्त असले, तरी ते उत्तर आहे.

खरी परीक्षा दृश्यतेची. संघीय तपासयंत्रणेची माणसे चौकशी करू लागतात, तेव्हा एलेन आणि लॅरी हा तिचा समलिंगी सहकारी आपण जोडपे असल्याचा देखावा करतात. पुढे देखाव्याचे लग्न होते. मोहिमेवर सोबत असलेल्या ज्येष्ठ अंतराळवीराला ती खरे सांगते, तेव्हा गप्प राहा हाच सल्ला तिला मिळतो. पुढच्या पर्वात पॅम तिच्या उत्कर्षासाठी तिच्यापासून दूर होते. अखेर १९९२ च्या निवडणुकीत एलेन राष्ट्राध्यक्ष होते, आणि एक अंतराळवीर मंगळावरून स्वतःची समलिंगी ओळख जाहीर करतो, तेव्हा तिच्यावरच ‘विचारू नका, सांगू नका’ या धर्तीची तडजोड पत्करण्याची पाळी येते. वास्तवात सैन्यासाठी हे धोरण १९९३ मध्ये आले आणि २०११ मध्ये संपले. स्वतः सत्ताधीश असलेली व्यक्ती आपल्यासारख्यांना गप्प बसविणारा नियम लागू करते, ही या मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारी आणि ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत विश्वसनीय घटना आहे.

या रचनेमागील कार्यकारणभाव मालिका स्पष्टपणे मांडत नाही, पण तो तीत अनुस्यूत आहे असे म्हणता येईल. मालिकेतल्या अमेरिकेत स्त्रियांची प्रगती वेगाने होते. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्तीही, जी वास्तवात १९८२ च्या मुदतीपर्यंत पुरेशा राज्यांची मान्यता मिळवू शकली नाही, तेथे संमत होते. समलिंगी पात्रांचे लपणे मात्र दशकानुदशके तसेच राहते. असे का? कारण मालिकेतील सुधारणेचा चालक सोव्हिएत स्पर्धा हा आहे, आणि या एका बाबतीत सोव्हिएत संघाकडून स्पर्धा नव्हतीच. स्टालिनच्या काळात, १९३३–३४ मध्ये, तेथे पुरुषांमधील संबंध पुन्हा गुन्हा ठरविण्यात आले, आणि रशियात तो कायदा १९९३ पर्यंत राहिला. चंद्रावर स्त्री उतरवून सोव्हिएत संघ अमेरिकेला लाजवू शकत होता. समलिंगी माणसाला सन्मान देऊन लाजविणे त्याला शक्यच नव्हते. म्हणून एलेन स्त्री या नात्याने पुढे सरकते आणि समलिंगी या नात्याने जागीच राहते. एकाच पात्रात इतिहासाचे दोन वेग दिसणे, हे मालिकेचे श्रेय आहे. उलट, सत्य जाहीर केल्यानंतरही तिचे राजकीय जीवन निभावते, तेथे मालिकेचा कार्यकारणभाव विरळ होतो. कारण तोवरच्या कथनात मतदारांचे मन बदलल्याची फारशी तयारी केलेली नाही.

५

‘द मॅन इन द हाय कॅसल’चा आधार फिलिप के. डिक याची १९६२ ची कादंबरी. दुसरे महायुद्ध जर्मनी-जपानने जिंकले आहे, आणि अमेरिका त्यांच्यात वाटली गेली आहे. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वात दोन प्रेमकथा समोर येतात. मधल्या तटस्थ प्रदेशात एड मॅकार्थी आणि जॅक यांची, आणि नाझी न्यूयॉर्कमध्ये वृत्तस्तंभलेखिका थेल्मा हॅरिस आणि जर्मन चित्रपटकर्ती निकोल डॉर्मर यांची. दुसरीचा शेवट स्त्रियांच्या एका गुप्त क्लबवरील छाप्यात होतो.

वरवर पाहता येथे संभवनीयतेचा प्रश्नच उद्भवू नये. नाझींनी समलिंगी पुरुषांचा छळ केला हे सर्वज्ञात आहे. माग्नुस हिर्शफेल्ड यांची १९१९ मध्ये बर्लिनला स्थापन झालेली लैंगिकविज्ञान संस्था मे १९३३ मध्ये लुटली गेली आणि तिचे ग्रंथ जाळले गेले. १८७१ च्या जर्मन दंडविधानातील १७५ वे कलम १९३५ मध्ये कडक करण्यात आले. नाझी काळात सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली, सुमारे पन्नास हजारांना शिक्षा झाल्या, आणि पाच ते पंधरा हजारांना छळछावण्यांत पाठविले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. परंतु हे कलम स्त्रियांना लागू नव्हते. ते लागू करावे काय, यावर नाझी विधिज्ञांनी चर्चा केली आणि ते टाळले. सार्वजनिक सत्तेत स्त्रियांना स्थानच नव्हते, म्हणून त्यांच्यापासून राज्याला धोका त्यांना दिसला नाही. १९३८ नंतर विलीन झालेल्या ऑस्ट्रियात मात्र तेथील जुन्या कायद्याने स्त्रियाही शिक्षेस पात्र राहिल्या. काही स्त्रियांना इतर सबबींखाली छावण्यांत जावे लागले, हेही खरे.

मग थेल्मा आणि निकोल यांच्यावर पडलेला छापा कोणत्या इतिहासातून येतो? त्याचे चित्रण ज्या दृश्यांची आठवण करून देते, ती बर्लिनची नाहीत. ती मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांतील न्यूयॉर्कची आहेत. तेथील पोलीस आणि राज्याचे मद्यपरवाना खाते समलिंगी ग्राहकांच्या मद्यगृहांवर नियमाने कारवाई करीत. स्टोनवॉलचा छापा हा अशा अनेक छाप्यांपैकी एक. डिकची कादंबरी प्रकाशित झाली त्या वर्षी, १९६२ मध्ये, असे संबंध गुन्हा न मानणारे इलिनॉय हे अमेरिकेतले एकमेव राज्य होते, आणि तेही त्याच वर्षाच्या आरंभापासून. सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे देशभर घटनाबाह्य ठरविले ते २००३ मध्ये. म्हणजे मालिकेने जे दुःख स्वस्तिकाच्या छायेत दाखविले, ते त्या शहराने लोकशाहीच्या छत्राखाली प्रत्यक्षात पाहिले होते. येथे पात्रे संभवनीय आहेत, छळही संभवनीय आहे. मात्र छळाचे कारण चुकीच्या जागी ठेवले गेले आहे. नाझींचा विजय झाला म्हणून असे घडले, असे सूचित करताना, नाझींचा पराभव झाला तेथे असे घडले नाही, असेही ही मालिका नकळत सूचित करते.

खुद्द जर्मनीचा इतिहास हे सूचन खोडून काढतो. १९४५ मध्ये नाझी हरले. पश्चिम जर्मनीने १७५ व्या कलमाचे १९३५ चे कडक रूप तसेच ठेवले. १९५७ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ते वैध ठरविले. आणि १९६९ मध्ये ते सौम्य होईतो त्याखाली आणखी सुमारे पन्नास हजार शिक्षा झाल्या. कलम पूर्णतः रद्द झाले १९९४ मध्ये. नाझी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा २००२ मध्ये, तर लोकशाही न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा २०१७ मध्ये निरस्त झाल्या. या माणसांपुरते पाहिले, तर ‘हिटलर जिंकला असता तर’ या प्रश्नाला १९४५ ते १९६९ च्या वास्तव इतिहासानेच एक अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. छावण्या मिटल्या, कलम राहिले. पर्यायी इतिहासाची खरी ताकद अशी अर्धी उत्तरे उघडी पाडण्यात आहे. या मालिकेला ते साधलेले नाही.

६

रायन मर्फी आणि इयन ब्रेनन यांची ‘हॉलिवूड’ ही मालिका उलट्या दिशेची चूक करते. युद्धोत्तर चित्रपटनगरीत एका स्टुडिओचा प्रमुख आजारी पडतो, त्याची पत्नी सूत्रे हाती घेते, आणि कृष्णवर्णीय समलिंगी लेखकाच्या पटकथेवर चित्रपट निघतो. ऑस्कर समारंभात तो लेखक आणि नट रॉक हडसन हातात हात घालून येतात. लेखकाला पारितोषिक मिळते. धमक्या आणि बहिष्काराची भीती मालिकेत येते खरी, पण थोड्यांच्या निर्धारापुढे ती विरून जाते.

हे स्वप्नचित्र आहे, आणि स्वप्नचित्र रंगविण्याचा कलावंताचा अधिकार मान्यच केला पाहिजे. सुखात्मिकेत शेवट गोड करण्यासाठी संभवनीयता थोडी वाकविण्याची मुभा परंपरेनेही दिली आहे. येथे प्रश्न हडसनचा आहे. तो काल्पनिक नाही. वास्तवातला हडसन १९५५ ते १९५८ विवाहित होता, आयुष्यभर त्याने आपली ओळख झाकून ठेवली, आणि १९८५ मध्ये एड्सने तो वारला. त्याच्याआधी विल्यम हेन्स या मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या लोकप्रिय नटाने जोडीदाराला लपविण्यास नकार दिला होता. १९३३ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली आणि तो गृहसजावटीच्या व्यवसायात गेला. म्हणजे धैर्याचा प्रयोग इतिहासात झाला होता आणि त्याचे उत्तरही मिळाले होते. धैर्य कमी पडले म्हणून जग बदलले नाही, असे मालिका सुचविते, तेव्हा ज्यांनी धैर्य दाखविले आणि किंमत मोजली त्यांच्यावर, आणि ज्यांना ते दाखविणे परवडण्यासारखे नव्हते त्यांच्यावर, ती सारखाच अन्याय करते.

विशेष म्हणजे संभवनीय कारण या मालिकेच्या हाताशी होते. चित्रपटांतून असे विषय सूचित करण्यासही बंदी घालणारी निर्मात्यांची आचारसंहिता १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आली. स्टुडिओंकडेच चित्रगृहांच्या साखळ्या होत्या, म्हणून ती अमलात येऊ शकली. मे १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही मालकी तोडण्याचा मार्ग मोकळा केला, आणि १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. संहिता प्रत्यक्षात १९६८ पर्यंत रेंगाळली. हे दोन निर्णय दहा वर्षे आधी झाले असते तर काय झाले असते, या प्रश्नातून एक खराखुरा पर्यायी इतिहास उभा राहिला असता. त्यात समलिंगी लेखकाला पारितोषिक कदाचित मिळाले नसते. पण त्याची पटकथा छापखान्यापर्यंत, एखाद्या लहान चित्रगृहापर्यंत कशी पोहोचली असती, हे आपल्याला कळले असते.

७

तीन मालिकांच्या या तुलनेतून काही निष्कर्ष मांडता येतील. एक, पात्र समलिंगी आहे या कारणावरून कालविपर्यासाचा आक्षेप घेता येत नाही. त्याचे स्थान आणि त्याची दृश्यता विचलनबिंदूपासून सलगपणे येत नसतील, तर मात्र तो घेता येतो. दोन, दृश्यतेची संभवनीयता किमतीवरून ओळखावी. कोणी कोणाला सांगितले, कोणी कोणाला वाचविले, देखाव्याचे लग्न कोणी केले, नोकरी कोणाची गेली, हे तपशील जेथे कार्यकारणभावाने येतात, तेथे पात्र इतिहासात उभे राहते. तीन, छळाचे कारण नेमके दाखविणे हे छळ दाखविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अन्यथा आपल्या शहराचा दोष शत्रूच्या खात्यावर जमा होतो.

याचा संबंध केवळ समीक्षेच्या शिस्तीशी नाही. कॅमेनी किंवा नॉर्टन यांच्यासमोर राज्यसंस्थेने संभवनीयतेचाच युक्तिवाद उभा केला होता : असा माणूस निष्ठावान असणे संभवत नाही, असा माणूस विश्वासाच्या पदावर शोभत नाही. काय संभवते आणि काय शोभते, हे ठरविण्याचा अधिकार तेथे सुरक्षा-अधिकाऱ्याकडे होता. एखादे पात्र पडद्यावर पाहून आपण ‘हे त्या काळी शक्य नव्हते’ असे म्हणतो, तेव्हा आपल्यामागे तोच निवाडा बोलत नाही ना, याची खात्री करून घेणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. ती खात्री करून घेण्याचा मार्ग मालिकेतून बाहेर, दप्तरखान्याकडे जातो. आणि त्या दप्तरखान्यात पकडल्या गेलेल्यांचीच नावे प्रामुख्याने आहेत, हे तेथेही विसरून चालणार नाही.